निर्जीव वस्तूंची साक्ष

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचीं नांवें ज्या घरांत कधीं उच्चारलीं गेलीं नाहींत, असें सुशिक्षित मराठी घर विरळाच. या परीक्षांत वस्तुचित्राचा एक कागद असतो. टेबलावर चादर पसरलेली असते, तिच्यावर एक तांब्या, त्याच्याशेजारीं एखादें फळ किंवा दोन कांदे, मागें उभें केलेलें एखादें पुस्तक, असा लहानसा संसार मांडलेला असतो आणि मुलें सभोंवार बसून तो कागदावर उतरवीत असतात. तांब्याचा गोल कांठ बाजूनें कसा लांबट दिसतो, उजेड कोणीकडून येतो, सांवली कोठें पडते, एवढेंच त्या वेळीं पाहावयाचें असतें. तांब्या कोणाचा, कांदा कितीला आला, या वस्तु तेथें ठेवून माणूस कोठें निघून गेला, असले प्रश्न परीक्षक विचारीत नाहींत. त्यामुळें वस्तुचित्र म्हणजे हात बसविण्याचा एक निरुपद्रवी व्यायाम, ही समजूत पुष्कळांच्या मनांत जन्मभर कायम राहते.

अलीकडच्या कांहीं दशकांत छायाचित्रकारांनीं नेमके तेच प्रश्न विचारण्यास आरंभ केला आहे. गरिबी, देशोधडीस लागलेल्यांचे हाल, युद्धांतील संहार, समुद्रांत सांचणारा कचरा हे विषय माणसाचा चेहरा मुळींच न दाखवितां, केवळ मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या छायाचित्रांतून समाजापुढें ठेवले जात आहेत. चित्रांत माणूस नसतां माणसांविषयीं बोलतां येतें काय, आणि येत असल्यास त्या बोलण्यावर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्न त्यामुळें केवळ कलाशाळांपुरता राहिलेला नाहीं.

या कलाप्रकाराचें मूळ पाहूं लागल्यास सतराव्या शतकांतील हॉलंडकडे वळावें लागतें. १६०२ सालीं स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनीं पूर्वेकडील मिरीं, जायफळ आणि चिनी मातीचीं भांडीं यांचा ओघ ॲम्स्टरडॅमच्या धक्क्याला आणून लावला. व्यापारानें संपन्न झालेल्या नागरिकांच्या दिवाणखान्यांत या वस्तूंचींच चित्रें लागूं लागलीं. विलेम काल्फ याच्या चित्रांत चिनी मातीचा वाडगा, पातळ कांचेचा पेला आणि साल अर्धवट सोडविलेलें लिंबू इतक्या हुबेहूब उतरलेलें असतें कीं, पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावें. पीटर क्लास यानें १६३० सालीं रंगविलेल्या एका प्रसिद्ध चित्रांत मात्र कवटी, खिशांतलें घड्याळ, कलंडलेला पेला आणि विझलेली वात आहे. वैभव चार दिवसांचें आहे, असा इशारा त्या चित्रानें आपल्या धन्यालाच दिला आहे. तेव्हां समाजावर टीका करणें हा वस्तुचित्राचा धर्म नवा नव्हे. तो त्याच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे.

तथापि त्या टीकेला एक मर्यादा होती. वस्तु किती काळ टिकणार हें तीं चित्रें सांगत. ती कोठून आणि कोणत्या किंमतीनें आली, हें सांगत नसत. ज्या बांदा बेटांवर जायफळ पिके, तेथील रहिवाशांची कंपनीनें १६२१ सालीं कत्तल केली आणि उरलेल्यांना गुलाम करून नेलें. पुढें हॉलंडच्या टेबलांवर मांडल्या गेलेल्या मसाल्यांत या हकीकतीचा मागमूसही नाहीं. आजच्या छायाचित्रकारानें जुन्या चित्रांकडून मांडणी घेतली, उजेड घेतला, काळी पार्श्वभूमि घेतली. परंतु प्रश्न मात्र त्यानें त्या काळीं न विचारलेलाच उचलला.

हा प्रश्न विचारण्याचें सामर्थ्य त्याच्या हातीं यंत्रानें दिलें. छायाचित्रणाची कला १८३९ सालीं जगापुढें आली. प्रारंभीं चित्र उमटण्यास फार वेळ लागत असे आणि तेवढा वेळ स्तब्ध राहणें माणसाला जड जाई. तांब्याला किंवा बशीला तें जड नव्हतें. म्हणून आरंभींच्या छायाचित्रांत वस्तूंचीं चित्रें पुष्कळ आढळतात. इंग्लंडांतील हेन्री फॉक्स टॅल्बट यानें १८४४ पासून १८४६ पर्यंत भागाभागांनीं प्रसिद्ध केलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकांत फळ्यांवर ओळीनें मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचें एक छायाचित्र आहे. त्यासोबत त्यानें एक मार्मिक कल्पना मांडली आहे. उद्यां हीं भांडीं चोरीस गेलीं आणि हें चित्र न्यायालयापुढें पुरावा म्हणून ठेवण्यांत आलें, तर ही साक्ष मोठी नवलाईची ठरेल, असा तिचा आशय आहे. चित्रकाराला न पाहिलेलें फूलही रंगवितां येतें. कॅमेऱ्यापुढें मात्र वस्तु खरोखरच ठेवावी लागते. म्हणून छायाचित्रांतील वस्तु ही शोभेची वस्तु असतेच, पण त्याशिवाय ती साक्षीदारही असते.

या साक्षीचा अत्यंत साधा आणि तितकाच परिणामकारक उपयोग स्टेफन चौ आणि हुइयी लिन या दांपत्यानें केला आहे. पति छायाचित्रकार आणि पत्नी अर्थशास्त्राची अभ्यासक. २०१० सालीं चीनमध्यें त्यांनीं ‘दारिद्र्यरेषा’ या नांवाचें काम हातीं घेतलें आणि पुढील दहा वर्षांत छत्तीस देशांत व प्रदेशांत तें चालू ठेवलें. २०२१ सालीं त्याचें पुस्तक निघालें. त्यांची पद्धति अशी: एखाद्या देशांत ज्या उत्पन्नाखालील माणूस गरीब समजला जातो, त्या उत्पन्नांतून एका माणसाच्या एका दिवसाच्या अन्नाच्या वांट्याला किती पैसे येतात, हें प्रथम काढावयाचें. तेवढेच पैसे घेऊन तेथल्या बाजारांत जावयाचें आणि एक जिन्नस विकत आणावयाचा. कधीं तो तांदूळ असेल, कधीं केळीं, कधीं पाव, कधीं एखादी भाजी. तेथल्याच वर्तमानपत्राचें पान पसरून त्याच्यावर तो जिन्नस मांडावयाचा आणि ठराविक अंतरावरून, ठराविक उजेडांत त्याचें छायाचित्र घ्यावयाचें. प्रत्येक चित्रांत एकच जिन्नस असतो. चित्रांत हात नाहीं, ताट नाहीं, खाणारा तर नाहींच.

वर्तमानपत्राचा कागद ही येथें केवळ सोय नव्हे. वाण्याची पुडी आणि भेळवाल्याचा द्रोण पाहिलेल्या माणसाला रद्दीवर ठेवलेलें अन्न अनोळखी वाटत नाहीं. परंतु त्याच कागदावर त्या देशाची लिपि असते, तेथल्या घडामोडी असतात, क्वचित् चैनीच्या मालाची जाहिरातही असते. मूठभर धान्याच्या भोंवतीं सारा देश आपले व्यवहार करीत असलेला दिसतो. चित्रांत माणूस नाहीं, पण त्याचा समाज हजर आहे, तो असा. जपान किंवा जर्मनी यांसारख्या देशांत हा अन्नाचा ढीग मोठा दिसतो, कारण श्रीमंत देशांत गरिबी बहुधा सभोंवतालच्या राहणीशीं तुलना करून मोजली जाते, तर गरीब देशांत ती जीव जगविण्यापुरत्या गरजांवरून ठरते. एका देशाचें चित्र दुसऱ्याशेजारीं ठेवून लगेच निष्कर्ष काढणें म्हणूनच धोक्याचें आहे. गरिबीच्या व्याख्या किती निरनिराळ्या असूं शकतात, हें मात्र त्या चित्रांइतकें चटकन दुसऱ्या कशानें कळणार नाहीं.

भारतांतील वाचकाला या चित्रांचा एक विशेष अर्थ आहे. दारिद्र्य अन्नाच्या मापानें मोजण्याची परंपरा या देशांत जुनी आहे आणि तिच्यांत मुंबई व पुणें या शहरांचा वांटा मोठा आहे. दादाभाई नौरोजी यांनीं १८७६ सालीं मुंबईंत भारताच्या दारिद्र्यावर जो निबंध वाचला, त्यांत हिंदी माणसाचें सरासरी उत्पन्न वर्षाला अवघें वीस रुपयांच्या घरांत असल्याचें दाखविलें. हा आंकडा लहान कीं मोठा, हें लोकांना कळावें कसें? दादाभाईंनीं त्याच्या जोडीला तुरुंगांतील कैद्याचा शिधा आणि परदेशीं नेल्या जाणाऱ्या मजुराला जहाजावर मिळणारा शिधा यांचा हिशेब मांडला. तांदूळ किती, डाळ किती, तूप-तेल-मीठ किती, अशी ती यादी होती. गुन्हेगाराला सरकार जें खावयास घालतें, तेवढेंही निरपराध रयतेच्या सरासरी वांट्याला येत नाहीं, हें त्या यादीनें सिद्ध केलें. शब्दांत मांडलेलें तें एक वस्तुचित्रच होतें.

पुढें १९७१ सालीं पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीं ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ या ग्रंथांत दिवसाला २,२५० उष्मांक देणारें अन्न ही कसोटी धरली, आणि १९६०–६१च्या किंमतींनीं खेड्यांत दरमहा दरडोई पंधरा रुपये व शहरांत साडेबावीस रुपये हा किमान खर्च ठरविला. २०११ सालीं तत्कालीन नियोजन आयोगानें सर्वोच्च न्यायालयापुढें केलेल्या प्रतिज्ञापत्रांत शहरांत दिवसाला बत्तीस रुपये आणि खेड्यांत सव्वीस रुपये ही दारिद्र्यरेषा सांगितली, तेव्हां देशभर गहजब उडाला. त्या गहजबाचें कारण उघड आहे. बत्तीस रुपये हा आंकडा ऐकतांच प्रत्येक गृहिणीच्या मनांत तेवढ्या पैशांचें दूध, भाजी आणि पीठ आपोआप मांडलें गेलें. कोष्टकांतील आंकडा ताटांत उतरला, म्हणजे त्यावर मत देण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाहीं. चौ आणि लिन यांच्या चित्रांनीं हेंच केलें आहे. तीं आंकड्याला ताटांत उतरवितात.

येथें एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. भुकेची गोष्ट सांगावयाची तर भुकेल्या माणसाचेंच चित्र कां घेऊं नये? याचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें. १८७६ ते १८७८ या काळांत दक्षिण हिंदुस्थानांत घोर दुष्काळ पडला. दख्खनच्या पठारावरील जिल्हेही त्यांत होरपळले. विलोबी वॉलेस हूपर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानें त्या वेळीं मद्रास इलाख्यांतील उपाशी माणसांना रांगेनें बसवून त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. हाडांचे सांपळे झालेलीं तीं माणसें आजही पाहवत नाहींत. त्या चित्रांनीं दुष्काळाची भीषणता दूरवर पोंचविली, हें खरें. परंतु त्यांत बसलेल्या माणसाला आपलें शरीर असें जगापुढें मांडलें जावें काय, हें कोणी विचारलें असेल असें तीं चित्रें पाहून वाटत नाहीं. शिवाय अशा चित्रापुढें उभा राहणारा दयेनें हळहळतो. आणि दयेंत आपण वेगळे आहों, सुरक्षित आहों, ही भावना नकळत मिसळलेली असते. वर्तमानपत्रावरील मूठभर भात पाहतांना तसें होत नाहीं. तेथें पाहणारा आपल्या ताटाशीं तुलना करूं लागतो. हळहळ लवकर ओसरते. तुलना मनांत राहते.

वस्तूंच्या या साक्षीचा दुसरा प्रकार म्हणजे माणसापासून हिरावल्या गेलेल्या किंवा त्याच्यामागें उरलेल्या वस्तूंचा. टॉम कीफर हा छायाचित्रकार अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळील एका सरकारी ठाण्यांत, २००३ पासून २०१४ पर्यंत झाडलोटीचें काम करीत होता. सरहद्द ओलांडून आलेल्या आणि पकडल्या गेलेल्या लोकांजवळचें डबाबंद अन्न तेथें फेकून दिलें जाई. तें गोरगरिबांच्या अन्नछत्राला द्यावें म्हणून त्यानें कचऱ्यांतून उचलण्याची परवानगी घेतली, आणि अन्नाबरोबर त्याला जपमाळा, बायबलच्या प्रती, फण्या, साबणाच्या वड्या, मुलांचीं खेळणीं सांपडूं लागलीं. अनावश्यक किंवा धोक्याच्या म्हणून त्या काढून घेतलेल्या होत्या. कीफरनें त्या जमवून, रंगीत कागदावर नीटनेटक्या मांडून त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. वाळवंट पायीं तुडवीत निघालेल्या माणसानें पाठीवरच्या ओझ्यांत फणी कशासाठीं घ्यावी? पलीकडे पोंचल्यावर चार माणसांत नीट दिसावें म्हणून. त्या एका फणींत माणसाची आशा आणि त्याचा स्वाभिमान दोन्हीं आहेत, आणि तिची जागा कचऱ्याच्या डब्यांत ठरविली गेली, ही हकीकतही आहे.

बॉस्नियांतील झिया गाफिच याचें काम याहून दारुण आहे. १९९५ सालच्या जुलै महिन्यांत स्रेब्रेनित्सा येथें आठ हजारांहून अधिक पुरुषांची व मुलग्यांची हत्या झाली आणि त्यांचीं प्रेतें सामुदायिक खड्ड्यांत पुरण्यांत आलीं. पुढें तीं उकरून ओळख पटविण्याचें काम वर्षानुवर्षें चाललें. त्या खड्ड्यांत सांपडलेलीं घड्याळें, चष्मे, किल्ल्या, दाढीचीं पातीं, दांत घासण्याचे ब्रश यांचीं छायाचित्रें गाफिचनें तपासणीच्या टेबलावर, वरून, कोणतीही सजावट न करतां घेतलीं. हेतु असा कीं, नातेवाइकांना त्यांतून एखादी खूण पटावी आणि जें घडलें त्याची नोंद राहावी. या वस्तूंत काव्य कांहींच नाहीं. परंतु दांत घासण्याचा ब्रश जवळ बाळगणारा माणूस दुसऱ्या दिवशींची सकाळ उजाडेल असें धरून चालत असतो. किल्ली जवळ ठेवणारा घरीं परतण्याचें मनांत धरून असतो. एवढें लक्षांत आलें म्हणजे आठ हजार हा आंकडा आंकडा राहत नाहीं.

एकाच प्रकारच्या वस्तूंकडे दोन दृष्टींनीं कसें पाहतां येतें, हें हिरोशिमाच्या उदाहरणावरून कळतें. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं त्या शहरावर अणुबाँब पडला. मृतांच्या वस्तु तेथील शांति-स्मारक संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत. त्सुचिदा हिरोमी यानें १९८०च्या दशकांत त्यांतील वस्तूंचीं काळीं-पांढरीं छायाचित्रें घेतलीं आणि प्रत्येकीखालीं चार ओळींची कोरडी माहिती दिली. त्यांत एक जेवणाचा डबा आहे. तो पंधरा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा. स्फोटाच्या केंद्रापासून पांचशें मीटरांवर ती सक्तीच्या कामावर गेली होती. डब्यांत वाटाणे आणि भात होता; युद्धाच्या टंचाईंत तो सणाचाच बेत. त्याचा कोळसा झाला आहे. डबा सांपडला, मुलगी सांपडली नाहीं. एवढीच माहिती, तींत एकही विशेषण नाहीं.

इशिउचि मियाको या छायाचित्रकर्तीनें २००७ सालापासून याच संग्रहालयांतील कपड्यांचीं छायाचित्रें घेण्यास आरंभ केला. तिचीं चित्रें रंगीत आहेत, आणि त्यांत वस्त्रांच्या आरपार उजेड येतो. फुलाफुलांचा झगा, झालरीचा सदरा, आईनें घरीं हातानें घातलेली टीप हें सारें त्यांत स्पष्ट दिसतें. जळाल्याचे डाग आणि फाटलेल्या कडाही दिसतात. हीं चित्रें इतकीं सुंदर कां, असा आक्षेप त्यांवर सहज घेतां येईल. परंतु त्या मुली आपल्याला काळ्या-पांढऱ्या चित्रांतून आठवतात म्हणून त्या काळ्या-पांढऱ्या जगांत राहत नव्हत्या. त्यांनाही रंग आवडत, नवा झगा घालून मिरवावेंसें वाटे. त्सुचिदाचा डबा त्या मुलीचें मरण सांगतो. इशिउचीचा झगा दुसऱ्या एकीचें जगणें सांगतो. पूर्ण साक्षीला दोन्हीं लागतात.

वस्तु माणसामागें उरते, हें या सर्व चित्रांचें सूत्र आहे. परंतु आजच्या युगांत तें उरणेंच एक संकट होऊन बसलें आहे. इंग्लंडमधील सॅम टेलर-जॉन्सन हिनें २००१ सालीं ‘स्टिल लाइफ’ या नांवाचा एक लहान चलत्पट केला. वेताच्या टोपलींत फळें ठेवलेलीं आहेत. पाहतां पाहतां त्यांवर बुरशी चढते, तीं खचतात आणि शेवटीं त्यांचा काळपट लगदा होतो. जुन्या डच चित्राचाच हा उपदेश. परंतु त्या टोपलीशेजारीं प्लॅस्टिकचें एक साधें बॉलपेन पडलेलें आहे, आणि त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत कांहींही होत नाहीं. सतराव्या शतकांतील चित्रकाराला सारें नाशवंत आहे याचें दुःख होतें. एकविसाव्या शतकांतील कलावंताला, कांहीं वस्तु नाश पावतच नाहींत, याची भीति आहे. तीनशें-साडेतीनशें वर्षांत वस्तुचित्राचा अर्थ असा उलटा फिरला.

या भीतीचें प्रत्यंतर अमेरिकन छायाचित्रकार क्रिस जॉर्डन याच्या कामांत मिळतें. पॅसिफिक महासागराच्या मध्यभागीं, जवळच्या खंडापासून तीन हजार किलोमीटरांहून दूर, मिडवे नांवाचें एक बेट आहे. तेथें अल्बट्रॉस पक्ष्यांच्या वसाहती आहेत. समुद्रावर तरंगणारें प्लॅस्टिक खाद्य समजून हे पक्षी उचलतात आणि पिलांना भरवितात. २००९ पासून जॉर्डननें तेथें मेलेल्या पिलांचीं छायाचित्रें घेतलीं. पिसें आणि हाडें यांच्या मधोमध बाटल्यांचीं झांकणें, सिगारेट पेटविण्याचे लायटर आणि रंगीबेरंगी तुकडे गच्च भरलेले दिसतात. जणूं कोणी ते मुद्दाम मांडले असावे. म्हणूनच, यांतील प्लॅस्टिकचा एकही तुकडा आपण हलविलेला नाहीं किंवा बाहेरून आणून ठेवलेला नाहीं, असें त्याला आवर्जून सांगावें लागलें. माणसाची वस्ती जेथें नांवापुरती आहे, तेथें त्याच्या घरांतील वस्तु जाऊन पोंचल्या आहेत. झांकण फेकणारा माणूस चित्रांत नाहीं. तो चित्र पाहत उभा आहे.

वस्तु केवळ दुर्बलांचीच साक्ष देतात असें मात्र नाहीं, सत्ताधाऱ्यांचीही देतात. टॅरिन सायमन या अमेरिकन कलावतीनें २०१५ सालीं मोठमोठ्या करारांवर सह्या होत असतांना घेतलेलीं जुनीं छायाचित्रें तपासलीं. १९४४च्या ब्रेटन वुड्स येथील अर्थपरिषदेस जे चव्वेचाळीस देश हजर होते, आणि ज्यांत भारतही होता, त्यांच्याशीं संबंधित असे हे करार. सह्या करणाऱ्या पुढाऱ्यांच्या मधोमध टेबलावर फुलांचा गुच्छ हटकून असे. सायमननें वनस्पतिशास्त्रज्ञाच्या साह्यानें तीं फुलें ओळखलीं, हॉलंडच्या फुलबाजारांतून हजारों फुलें मागविलीं आणि ते गुच्छ पुन्हां बांधून त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. जुने डच चित्रकार निरनिराळ्या ऋतूंतील फुलें एकाच कुंडींत रंगवीत. असा गुच्छ त्या काळीं प्रत्यक्षांत अशक्य असे. विमानवाहतुकीनें आणि जागतिक व्यापारानें तो शक्य केला आहे. सायमनच्या चित्रांत पुढारी नाहींत, त्यांचीं भाषणें नाहींत. उरला आहे तो गुच्छ आणि त्यासोबत त्या कराराचें काय झालें हें सांगणारा मजकूर. फुलें कोमेजण्यापूर्वींच मोडलेलीं वचनें इतिहासांत थोडीं नाहींत.

एवढें सांगितल्यावर या कलेवरील आक्षेपांकडे डोळेझांक करणें योग्य होणार नाहीं. पहिला आक्षेप मांडणीचा. वस्तु मांडतां येतात, म्हणून त्या खोट्याही मांडतां येतात. टॅल्बटनें कल्पिलेल्या न्यायालयांत कोणी उसनीं भांडीं मांडून चोरीची फिर्याद केली तर काय? दुसरा आक्षेप सौंदर्याचा. सुरेख उजेडांत घेतलेलें दुःखाचें चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्याची शोभा होऊन बसण्याचा संभव असतो. डच चित्रांचें तेंच झालें. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्याची फणी, ज्याचा डबा, त्याला स्वतःला बोलावयाचें असेल तर? वस्तु मुकी असते; तिच्या नांवानें छायाचित्रकारच बोलतो. जिवंत माणसाचें म्हणणें ऐकण्याची तसदी टाळण्यासाठीं त्याची वस्तु पुढें करणें हाही एक अन्यायच होय.

या आक्षेपांना कोणत्याही एका उत्तरानें निकालांत काढतां येणार नाहीं; परंतु वर सांगितलेल्या कामांतूनच त्यांची कसोटी हातीं येते. चांगलें वस्तुचित्र एकटें येत नाहीं. चौ आणि लिन रक्कम, देश आणि तारीख सांगतात. त्सुचिदा डब्याची हकीकत देतो. जॉर्डन आपण काय केलें नाहीं तें सांगतो. सायमन कराराचा मजकूर चौकटींतच बसविते. चित्र आणि त्याची खातरजमा करतां येईल अशी माहिती यांची जोडी फुटली, म्हणजे उरतें तें केवळ नक्षीकाम. न्यायालयांत साक्षीदाराला नांव-गांव सांगावें लागतें, शपथ घ्यावी लागते आणि उलटतपासणीला तोंड द्यावें लागतें. वस्तूच्या साक्षीलाही हाच नियम लावला पाहिजे. वस्तु कोणाची, कोठें आणि केव्हां सांपडली, कोणी मांडली, आणि जो माणूस चित्रांत नाहीं तो कां नाहीं, या प्रश्नांचीं उत्तरें जें चित्र देतें त्यावर विश्वास ठेवावा. जें देत नाहीं तें सुंदर असलें तरी त्याला सुंदर एवढेंच म्हणावें.

या कसोटीला कलादालनाची आवश्यकता नाहीं. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर टेबलावर किंवा ओट्यावर जें उरतें तें प्रत्येक घरीं रोज मांडलेलें असतें. अर्धी राहिलेली पोळी, दुधाची रिकामी पिशवी, औषधाची बाटली, उद्यांच्या डब्यासाठीं निवडून ठेवलेली भाजी. परक्या माणसानें हें सारें नुसतें पाहिलें तर त्या घराचें उत्पन्न, आजार, आवडीनिवडी आणि उधळपट्टी यांचा त्याला बराचसा अंदाज करतां येईल. कामवालीला बाजूला काढून ठेवलेला निराळा कप फळीवर दिसला, तर त्या घराविषयीं आणखीही कांहीं त्याला कळेल. घरांतलीं माणसें स्वतःविषयीं काय सांगतात याच्याशीं वस्तूंना कर्तव्य नसतें. त्या जेथें ठेवल्या तेथें असतात, आणि कोणी विचारील तेव्हां खरें तें सांगतात.

वस्तुचित्राचा कागद सोडविणाऱ्या मुलाला तांब्याची सांवली बरोबर काढावयास शिकविलेंच पाहिजे. पण सांवली पुरी झाल्यावर, तो कांदा बाजारांत कितीला आला आणि तो पिकविणाऱ्याला त्यांतले किती मिळाले, एवढें त्याला विचारावयास हरकत नसावी. मग तें चित्र त्याला पूर्वीइतकें सोपें वाटणार नाहीं.